नमुना

सियागंजात शब्बीरभाई म्हणाले,
"बन जाएगा भिया, नमुना ले आओ."
नमुना असता तर
तुमच्या दारात कशाला आलो असतो?

सोळा मिलिमीटरचं यंत्र,
छावणीतल्या भंगारात किलोवर घेतलेलं.
कुशीवर पांढऱ्या अक्षरांत
आरोग्य खाते, गाडी क्र. २.
पट्टा नाही. मागच्या रिळाचा हात नाही.
आणि ती नखी नाही,
जी भोकात शिरून फिल्मला
सेकंदात चोवीसदा खाली ओढते.

रात्री भिंग लावून बसलो.
जिथं ती असायची
तिथला रंग अजून हिरवागार,
स्क्रूंची दोन भोकं,
आणि तिच्या येण्याजाण्याची
एक झिजलेली रेघ.
तेवढ्यावरून कुणाच्याशा लग्नपत्रिकेच्या पाठीवर
काढली तिला, पेन्सिलीनं.

शब्बीरभाईंनी तीन घासल्या.
पहिली मोडली. दुसरीनं फिल्म फाडली.
पट्टा कुंदाच्या शिवणयंत्राचा;
चार दिवस गल्लीतले ब्लाउज अडले.

रविवारी, पेंढारकरांनी दोरीवरचे कपडे काढल्यावर,
त्यांच्या भिंतीवर
एक नर्स उगवली. देवीची लस.
आवाज नाही, नुसती खडखड.
एक मुलगा बाही वर सारतो
आणि उचकी लागल्यासारखा
जागच्या जागी उडतो,
दंड, सुई, मागची शाळा, सगळ्यांसकट.

"बाल बराबर बड़ी है," शब्बीरभाई पुटपुटले,
"कल घिस दूँगा."

कुंदा भिंतीकडेच बघत होती.
राहू द्या, म्हणाली,
घाबरलाय तो.