पाच पेन्सांचा फरक

लिव्हरपूलमधल्या एका तळघरात
मी जुन्या वह्यांचे फोटो काढते. पानामागे पैसे.
हात धुवायचे, कोरडे करायचे, पान उलटायचं, टिक्.
वाचायचं नाही, असं कुणी सांगितलेलं नाही,
पण वाचण्याचे पैसे नाहीत.

ऑर्मरॉड अँड सन, कापसाचे दलाल.
खतावणी एकोणचाळीस, सन अठराशे एकोणऐंशी.
पुठ्ठ्याला अजून ओल्या मेंढीचा वास.

अक्षर इनॉक थ्रेलफॉलचं.
त्याची सही कुठेच नाही. नाव सापडलं खर्चाच्या बाजूला,
त्यानेच लिहिलेलं, रांगेत आपली पाळी आल्यावर:
दोरखंड, कोळसा, थ्रेलफॉल, टपाल.
सहा पौंड तेरा शिलिंग चार पेन्स.
मागच्या अकरा वह्यांतही हाच आकडा.
कोळसा मात्र कमीजास्त होतो.

जानेवारीत कोळसा निम्मा केलेला दिसतो,
आणि सकाळची पानं फिकट आहेत,
गोठून वितळलेल्या शाईची.
दुपारी अडीचच्या सुमाराला अक्षर काळं होतं.
म्हणजे मालक आले. म्हणजे शेगडी पेटली.

आणि दर तिसऱ्या ओळीला माझं गाव.
हिंगनगॉट. हिंगुनघॉट. हिंगणगट.
गाठोड्यांचा आकडा, वजन, भाव, जहाजाचं नाव.
मी तळघरात एकटीच हसले पहिल्यांदा.
अरे बाबा, एकदा तरी नीट लिही!
कापसाचं झाड त्याने पाहिलं नसणार.
त्याला वाटत असेल, हिंगणगट म्हणजे
कापसाचीच एक जात, लांब धाग्याची,
तिथे कुणी राहत असेल, चहा पीत असेल,
असं कशाला वाटावं?

मार्चअखेर बेरीज जुळली नाही.
पाच पेन्स.

पाच पेन्स कुणीही खिशातून टाकले असते.
त्याने पेन्सिल घेतली.
प्रत्येक आकड्याशेजारी बारीक टिंब, उंदराच्या डोळ्याएवढं,
जानेवारीपासून पुन्हा, सगळी पानं,
काही ठिकाणी दोन टिंबं, काही ठिकाणी मेणाचा थेंब;
म्हणजे ऑफिस सुटल्यावरही तो उंच स्टुलावर होता,
बाही वर सरकवून,
आणि गॅस मालकांनी बंद करायला लावला होता.

एकोणीस एप्रिल, शनिवार. सापडलं.
बारा मार्चच्या पानावर आठाचा तीन झालेला.
त्याने तो खोडला नाही. वर लाल शाईने आठ लिहिला,
समासात फक्त: 'माझी चूक.'

अकरा वह्यांत पहिली.

मग मी एक पान मागे गेले. उगाच.
अकरा मार्चचं अक्षर दुसऱ्याचं आहे.
गोल, घाईचं, ओळीबाहेर सांडणारं.
आणि महिन्याच्या शेवटी, थ्रेलफॉलच्या नावापुढे,
थ्रेलफॉलच्याच टाकाने:
वजा, एक दिवस. पाच शिलिंग दीड पेनी.
कारणाला रकाना नाही.
इथे दोरखंडालाही कारण आहे.

मी चर्चच्या दफनाच्या नोंदी मागवू शकले असते.
वरच्या मजल्यावरच आहेत, अर्ज भरला की अर्ध्या तासात मिळतात.
अर्ज घेतला. भरला नाही.
त्याने जे वहीत येऊ दिलं नाही
ते मी कुठल्या हक्काने उलटू?

पाच वाजले. माझी पानं मोजली: दोनशे बारा.
आकडा तपासला, मग पुन्हा एकदा तपासला.

आणि त्या एका दिवसापुरता आलेला तो दुसरा,
ज्याचं नाव पगारात नाही, पुढच्या वह्यांत नाही,
त्याच्या पानावर तीन डाग आहेत, एक बेरीज अर्धवट आहे,
आणि तिसऱ्या ओळीला,
प्रत्येक अक्षर जागच्या जागी,
हिंगणघाट.