डावी बाजू

तीन मिनिटं दिली. तपासणीत तेवढीच असतात.
बाकीचे घड्याळ काढतात. हेडली म्हणाला,
"घड्याळ कशाला? वेळ बघून करू काय इथं?"
आणि खिडकीकडे न बघता
टाइनवरचा पूल काढायला घेतला.

उजवीकडे न्यूकॅसल. दगडी बुरूज, गिरगटलेल्या खिडक्या,
धक्क्यावर उतरणाऱ्या पायऱ्या पाच,
त्यातली एक दोनदा.
तिथून कमान उठली एका दमात,
मध्यावर आली
आणि राहिली.
पुढे कोरा कागद. ना नदी, ना गेट्सहेड.

कमानीखाली बारीक टिकल्या.
"रिव्हेट का?" मी विचारलं.
"किटिवेक," तो म्हणाला. "पक्षी, बाई.
रंग द्यायला वर चढलो की डोक्यावर शिटायचे.
एकोणीस वर्षं."

मी फॉर्म भरला. डावी बाजू: दुर्लक्ष.
वैद्यकातला शब्दच तो,
जणू माणसानं मुद्दाम केलंय.
उजव्या मेंदूत एवढीशी गुठळी,
आणि ताटातले डावीकडचे वाटाणे तसेच राहतात,
डाव्या गालावर दाढी.

तरी विचारलंच, पलीकडे काय आहे?
"पलीकडे मॉरीन.
बिंगोला जाते म्हणून पूल ओलांडला तिनं, अठ्ठ्याऐंशी साली.
मी का काढू?"
शेजारच्या कॉटवरचा म्हातारा खोकत खोकत हसला.
मी फॉर्मकडे बघितलं.
पेनानं लिहून झालं होतं.

रात्री मेट्रोत कागद बाहेर काढला. फाइलमधून आणायला नको होता.
मी राहते गेट्सहेडला,
म्हणजे त्याच्या हिशेबानं रोज रात्री
कोऱ्या जागेत उतरते,
दूध घेते, कुलूप उघडते.

कागद उलटा केला. पाठीवरून बोट फिरवलं.
कमानीचा वळ लागला, पायऱ्यांचा, पक्ष्यांची रवाळ कणी.
आणि पार कडेला, जिथं काहीच नाही तिथं,
एक खोल टिंब. शिसं मोडलेलं.
सुरुवात तिथून केली होती त्यानं?
की शेवटी पोचून, नुसती टेकवली पेन्सिल,
दारात उभं राहून बेल न वाजवावी तशी?

पाठीकडून धरलं की डावं उजवीकडे येतं.
उद्या त्याच्या हातात असाच देईन.
बोट आपणहून जाईल टिंबापर्यंत.
नाही गेलं तर
चहा घेणार का, विचारीन.