सातवा शब्द

सोहारला रात्रपाळी संपवून आले की
मी पडदे ओढते, फोन फ्रिजवर उपडा ठेवते
आणि थिओफिलची किराणाची वही उघडते.

जुनं यंत्र गेलं. अंगठ्याएवढं, काळं.
त्याचा पिन फक्त त्याच्या उजव्या हाताला पाठ होता.
मार्चमध्ये पोर्टवर तो कोसळला
आणि तो हात पिन विसरला, चमचा विसरला, शर्टाची बटणं.
मी अंदाजानं आकडे दाबले: लग्नाची तारीख,
रेबेकाचा वाढदिवस, आमचा मिरजेचा पिनकोड.
तिसऱ्या चुकीला यंत्रानं स्वतःला पुसून घेतलं,
ओटा पुसावा तसं.

पैसे त्यात नव्हतेच म्हणे कधी.
पैसे कुठेतरी, सगळीकडे. चावी तेवढी आपल्याकडे,
चोवीस इंग्रजी शब्दांची, क्रम न मोडता.
हे त्यानंच सांगितलं होतं, सुरमई साफ करताना.
मी म्हटलं होतं, आधी पोटातली घाण तरी नीट काढ.

कंपनीच्या खोलीत सहा जण राहायचे,
म्हणून शब्द त्यानं मराठीत उतरवले, यादी करून:
कांदा, दोन किलो. मीठ, एक पुडा.
शिडी, एक नग. गाढव, एक नग.
आत्या, अर्धा डझन.

आत्या, मावशी, काकू, मामी
इंग्रजीत एकाच शब्दात राहतात,
माझं काम तेवढं वाचलं.

दुबईहून नवं यंत्र मागवलं, सील तपासून फोडलं.
तेवीस शब्द जमले. सातवा अडला.
सातवा: वाट, पाव किलो.

पाथ. नाही.
रोड, नाही. रूट, नाही. वे, नाही.
चोविसावा शब्द वॉचमनसारखा दारात,
आधीच्या तेविसांची ओळख पटल्याशिवाय
कुणाला आत सोडत नाही.
पुण्याचा भाचा म्हणाला, पानाचा फोटो टाक मावशी,
दोन मिनिटांत काढून देतो.
मी म्हटलं, इकडे रेंज नाही रे.

थिओकडे आता दोनच शब्द आहेत, हो आणि नको,
तेही कधी एकमेकांचे कपडे घालून येतात.
तरी विचारलं, वाट म्हणजे कुठली वाट?
दोन बोटं गादीवर चालवून दाखवली.
नको, म्हणाला. पुन्हा चालवली. नको, नको.
आणि डावा हात आडवा धरला, तळवा खाली.

सतरा वर्षं तो क्रेनला खुणा देत आला.
ही खूण मला ठाऊक आहे:
लोड हवेत आहे, आहे तिथंच धर.

मी तशीच बसले, बोटं गादीवर.
एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं.
नोकरी लागून इथं येईपर्यंत अकरा वर्षं
मिरजेत मी काय करत होते?
चालत नव्हते काही मी ती वाट.

वेट.

यंत्र जरा घुटमळलं, मग उघडलं.
फार नव्हतं. फिजिओचे नऊ महिने निघतील,
माझी एक दाढ निघेल.

शुक्रवारी फलजच्या वर्कशॉपात गेले.
खुशदिल खाननं स्टीलची पट्टी दिली,
हातोडी दिली, अक्षरांच्या पंचांचा डबा दिला.
एम हरवलाय बाजी, डब्ल्यू उलटा धरा.
मग पाठ फिरवून त्यानं ग्राइंडर सुरू केला,
कापायला समोर काहीच नसताना,
माझे ओठ हलले तरी त्याला ऐकू येऊ नये म्हणून.

प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं पुरतात.
सहा शब्दांत मनगट भरून आलं.
सातव्याला डब्ल्यू सरळ धरला.
घाव जरा जास्तच बसला असावा,
पट्टी तिथं किंचित वाकली आहे,
अंधारात बोट फिरवलं तरी सापडते.