शनिवारची इस्त्री

शनिवारी दुपारी मी वेदीची वस्त्रं इस्त्री करते.
एकवीस वर्षं झाली.
आधी पाणी शिंपडायचं, मग गळा, मग बाह्या,
लेस शेवटी, कारण लेस हट्टी असते.
नवरा गिरणीत, मी टॉवेलला काठ मारणारी,
सोलापुरात कापड डोळ्यांआधी हाताला कळतं.

फादर आन्सेल्मचा झगा सगळ्यांत लांब.
टेबलावरून खाली लोंबायचा, म्हणून
खाली पाट ठेवून त्यावर धुतलेली चादर अंथरायचे.
मे महिन्यात प्रवचन दहा मिनिटांत आटपायचा.
माझ्या नवऱ्याला पुरलं तेव्हा
बाकीचे लिंबाच्या सावलीला सरकले,
तो शेवटची माती पडेपर्यंत उन्हात उभा.
हे मी विसरले नाही. विसरणारही नाही.

सुवार्ता चाबुकस्वार चर्चच्या ऑफिसात बसायची,
बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या कॉम्प्युटरवर चढवायची.
उपासकाळात तिनं तोंड उघडलं.
आधी आईपाशी, मग बिशपांना पत्र.

इग्नेशस ढावरे कागद घेऊन दारात आला:
फादर निर्दोष आहेत, खाली सह्या.
माझे हात ओले होते. पदराला पुसले.
चौदावी सही माझी.
वाचलं नाही असं म्हणता येणार नाही.
वाचलं होतं.

मग मिस्सा सुटल्यावर अंगणात रोज तेच.
पोरगी सारखी मोबाईलवर असायची की.
पैशासाठी करालीय.
मग दार कशाला उघडलं तिनं?
आणि जे काही बोलत नव्हते
त्यांनी दानाच्या थैलीत हात घालणं सोडलं,
थैली पुढं सरकवायचे, बस.
सुवार्तेला आम्ही सगळे उठून उभे राहतो.
मिस्सेतल्या, म्हणते मी.

पत्र आलं पाम रविवारनंतर.
'वैयक्तिक कारणास्तव सेवेतून मुक्त.'
दीड ओळ. त्याच दमात
पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या पोरांची तालीम किती वाजता, ते.
निरोपाला मोरांची चादर आणली होती वर्गणी काढून,
द्यावी की नाही यावरून दोन भाऊ बोलेनासे झाले,
ती अजून कपाटात आहे, प्लास्टिकसकट.
तो रात्रीच्या गाडीनं गेला.
कुणी म्हणतं गोव्यात शिकवतो, कुणी म्हणतं लग्न केलं.
चौकशीचं विचारलं तर इग्नेशस म्हणाला,
माणूसच गेला, आता चौकशी कुणाची?

खरं काय, मला माहीत नाही.
मी त्या खोलीत नव्हते.
पण जो होता तो न बोलता गेला,
आणि जी बोलली तिला
भाजीवाली सुद्धा आता सुट्टे पैसे हातात देत नाही,
टोपलीत टाकते.

किल्ली परत करायला ती आली एका शनिवारी.
बस म्हटलं. बसली नाही.
मावशी, तुमची पण सही हाय ना?
होय म्हटलं.
आणखी काही म्हणायचं होतं, शब्द गोळा करालते,
तेवढ्यात तिनं हात लांबवून भिंतीवरचं बटण बंद केलं.
लेस जळालीय, म्हणाली.
किल्ली टेबलावर ठेवली. गेली.

बोटाएवढा डाग आहे. तपकिरी.
नवे फादर बुटके. झगा वीतभर कापावा लागला,
डाग कापलेल्या पट्टीत गेला.
पट्टी टाकवत नाही,
कशाला उपयोगीही पडत नाही.

इग्नेशसकडे गेले, म्हटलं माझं नाव खोड.
म्हणाला, कागद कधीच पुण्याला गेला.
मग दुसरा दे.
कसला?
कोरा.
तो नुसता बघत राहिला.

साखर पेठेतून वही घेतली.
दोनशे पानी, शंभर पानी संपली होती.
ओल्या कपड्यांपासून लांब, खिडकीत ठेवलीय.
'मी, खाली सही करणारी' एवढं झालं आहे.