शमीवर बूट

बूट आधी उलटा कर, प्रणित.
टाच आपट दगडावर. दोनदा.
मग पाय.
झोपेत असलास तरी, उशीर झाला तरी,
गाडीवाला बलुची भोंगा दाबून बसला तरी.

बिदियाच्या ह्या रानात ज्याला घाफ म्हणतात
ती आपली शमी.
मलाही पहिल्या वर्षी ओळखली नव्हती.
दसऱ्याला पाटावर बघितलेली डहाळी
इथे वाळूत तीस फूट उभी असेल
असं कुणाला वाटतं?

तिच्या बुंध्याशी वाळकं पडलेलं असतं,
त्यात हात घालायचा नाही. दाताळं घे.
काठी आधी, पाऊल मागून.
त्याला हाक ऐकू येत नाही,
जमीन ऐकू येते.

आणि फुरसं इथेही तेच.
तेच वेटोळं, अंगावर अंग घासत
तापल्या तव्यावर पाणी पडावं तशी चरचर.
ठिबकच्या नळीखाली ओल असते, तिथे येतं,
म्हणजे आपण आलो तसंच.
मारायला धावू नकोस. वाट सोड.
रात्री नाव घेऊ नकोस, जनावर म्हण.
लतीफुल आधी हसायचा,
आता तोही जनावर म्हणतो, बंगालीत.

माझ्या भावाला पान लागलं
आंजर्ल्याच्या वर, काजूच्या बागेत.
अनवाणी होता.
बिया वेचणाऱ्याला कोण बूट देतं?
इथे मुकादमाने बुटांचे अकरा रियाल कापले
तेव्हा सगळे भांडले.
मी सही केली.

गेल्या सुट्टीत, लग्नाच्या मांडवाबाहेर
चपला उलट्या करून झटकत होतो.
पोरं हसली, करवल्या हसल्या.
वहिनी नाही हसली.

काम सुटलं की बूट असे टांगायचे,
नाड्यांची गाठ मारून, वरच्या फांदीला.
लतीफुलने विचारलं, झाडावर का?
म्हटलं, पाच भाऊ होते,
त्यांनी हत्यारं ह्याच झाडावर ठेवली
आणि परक्या दारी चाकरीला राहिले
दुसऱ्याच नावाने.
किती वर्षं?
बारा रानात. वर एक तसं.
त्याने बोटांवर मोजलं,
मग माझ्याकडे बघितलं.

माझं सोळावं चालू आहे.

भोंगा वाजला बघ.
दुसरा बूट राहिलाय तुझा.