डावीकडची जागा

पहिल्यांदा त्याचं नाव मी फुकट लिहिलं.
म्हणजे फुकट नाही, चारशे साठ रुपये,
'निवडून आलो की देतो' या बोलीवर.
ब्याण्णव साल. पेठ नाक्याच्या मार्केट यार्डात
कोथिंबिरीच्या जुड्या मोजणारा सुकदेव लभडे
कपबशी घेऊन उभा राहिला.

भिंत त्यानंच दाखवली, हिरावाडीत, पाटाच्या कडेला.
चुना मी मारला, बादली त्यानं धरली.
'भ नीट काढ बशीरभाई,
शाळेत सगळे मला लमडे म्हणायचे.'

सत्तावीस मतांनी आला.
गल्लीत पहाटे चारला नळाला धार लागली,
बायका हंडे घेऊन उठल्या, शिव्या देत, हसत.
तो व्हॉल्वमनशेजारी उकिडवा बसून
चावीचे आटे मोजायचा.
किती फिरवले की शेवटच्या घराला पाणी पोचतं,
किती फिरवले की एखाद्याच्या दारातच अडतं.
दोन्ही त्यानं पाठ केलं.

मग पाट्या.
नगरसेवक. प्रभाग सभापती.
स्थायी समितीचा सभापती, ही फार लांबली,
त्या वर्षी सिंहस्थाचे ठेकेदार
ओट्याखाली चपला काढून बसायचे
आणि घरावर दुसरा मजला चढला.
रंग मीच दिला. ते पैसे वेळेवर मिळाले.

आमदार झाला तेव्हा सागवानी पाटी मागितली.
मी नेहमीसारखी डावीकडे चार बोटं सोडली.
'हे रिकामं का रे?'
म्हटलं, साहेब, अक्षरांना श्वास लागतो.
खरं तर उस्तादांनी शिकवलेलं:
पुढाऱ्याच्या पाटीत 'माजी'पुरती जागा ठेवावी,
फळी बदलावी लागत नाही.

पक्ष तीन. भिंत तीच.
एका रंगावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा,
आणि पोपडा सुटला की
आधीचं चिन्ह डोकं वर काढी.
'अस्तर नीट मारत नाहीस,' तो चिडायचा.
मारलं होतं. ओल भिंतीतच होती.

चौदा महिने राज्यमंत्री.
लाल दिव्याची गाडी कोकणीपुऱ्याच्या बोळात शिरेना.
तो उतरला, चालत आला अब्बांच्या मय्यतीला,
कब्रस्तानापर्यंत खांदा दिला.
फोटोवाला बरोबर होता, हेही खरं.

दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी पाणी आलं त्या रात्री
छातीभर गढूळात दोर धरून उभा होता, मी पाहिला.
पुढे मदतीच्या यादीत
त्याच्या मेव्हण्याची तीन दुकानं निघाली.
एकही नदीकाठी नव्हतं.

मग फ्लेक्स आले. माझा हात बसला.
चौकाचौकात त्याचा गोरा केलेला चेहरा,
भोवती गॉगलवाली पंचवीस पोरं,
त्यांतली निम्मी त्यानं कधी पाहिलेली नसावीत.
निमाणीजवळच्या फ्लेक्सवर 'लमडे' छापलेलं,
पंधरा दिवस लटकलं, कुणाच्या लक्षात आलं नाही.
मी दोनदा फोन उचलला, दोनदा ठेवला.
अकराशे मतांनी पडला.

परवा आला. नातवाच्या स्कूटीवर मागे बसून,
पाटी जुन्या चादरीत गुंडाळलेली.
'लिही आता त्या जागेत.'
म्हणजे ठाऊक होतं तर, इतकी वर्षं.

हात हल्ली कापतो. मनगटाखाली काठी धरली,
'मा' काढला आणि थांबलो.
म्हटलं, पुढे टिंब देऊन सोडू?
लोक माननीय वाचतील.
तो हसला, दाताची कवळी सावरत.
बराच वेळ पाटीकडे बघत राहिला.
'नको. जी काढ. वेलांटी मोठी काढ.
आणि तो भ परत गिरव, फिका पडलाय.'

जाताना चारशे साठ मोजून दिले, सुट्टे.
मी घेतले.
व्याजाचं दोघंही बोललो नाही.