चुकलेल्याचा एक

रजिस्टरच्या पहिल्या पानावर तेल सांडलंय,
त्यामुळं स्थापनेची तारीख कुणालाच सांगता येत नाही.
साल ब्याण्णव असावं. रात्रशाळेची आमची बॅच
दहावीला दोनदा बसून मोकळी झाली होती
आणि विठ्ठल येमूल चादरीचे गठ्ठे घेऊन
मेलबर्नच्या कुठल्याशा प्रदर्शनाला गेला होता.
चादरी खपल्या. परतताना रिकाम्या बारदानात
त्यानं हा चेंडू आणला.

"हे काय बे, भोपळा का?" इरण्णा हत्तरगी म्हणाला.
टप्पा टाकला तर चेंडू डावीकडं पळाला,
पुन्हा टाकला तर हत्तरगीच्याच नाकावर आला.
त्या रक्तापासून क्लब धरावा, असं माझं मत आहे.

नियम विठ्ठलनं बिलाच्या पाठीवर लिहून आणले होते.
मैदान लांबगोल. खांब चार.
मधल्या दोघांतून गेला तर सहा.
बाजूच्या फटीतून गेला, म्हणजे चुकला, तर एक.
हे वाक्य आम्ही त्याला तीनदा वाचायला लावलं.
चुकला तरी?
चुकला तरी. पण थोडक्यात चुकला पाहिजे.
गड्डम नरसय्या, गणितात दोन मार्कांनी राहिलेला,
उठून उभा राहिला.
माझं नाव लिहा, म्हणाला.

खांब मांडववाल्या नायकवडीचे,
लग्नसराईत परत द्यायच्या बोलीवर,
म्हणून वैशाखात खेळ बंद.
पंचाचा पांढरा कोट शाळेच्या प्रयोगशाळेतला,
खिशाला ॲसिडचं भोक.
झेंडे टॉवेलच्या कटपीसचे:
गोलला दोन हलवायचे, चुकल्याला एक.

छत्तीस गडी कधीच जमले नाहीत.
दुसरा संघ जिल्ह्यात नव्हता,
म्हणून आमचे आम्हीच फाटलो,
दिवसपाळी विरुद्ध रातपाळी.
मालकानं पाळी बदलली की गडी संघ बदलायचा,
मागच्या आठवड्यात ज्याला पाडलं
त्याच्याच खांद्यावर गुडघा रोवून
हवेतला चेंडू झेलायचा.

नोंदणीला गेलो.
"खेळाचं नाव?" कारकुनानं विचारलं.
आम्ही एकमेकांकडं पाहिलं.
"हौशी," बोल्लू म्हणाला.
"ते कळलं. खेळ कोणता?"
अर्ज अजून तिथंच असेल.

मग भोंगा थांबला.
त्या वर्षाची पानं रजिस्टरात कोरी आहेत,
फक्त एका कोपऱ्यात कुणीतरी
उधारीचा हिशेब मांडलाय, चहा एकोणीस.
दोघं भिवंडीला गेले, एक सुरतला,
बाकीचे रिक्षाच्या हँडलला.
पाळ्याच उरल्या नाहीत तर संघ कसे पाडायचे?
काम असलेले झाले दिवसपाळी.
नसलेल्यांनी आपलं नाव रातपाळीच ठेवलं
आणि त्या हिवाळ्यात सलग सहा सामने मारले.
त्यांना सरावाला वेळ होता.

चेंडू दोनदा उसवला. महिबूब पंक्चरवाल्यानं
आत सायकलची ट्यूब कोंबली,
वरून चादरीच्या दोऱ्यानं शिवला.
तेव्हापासून तो जरा सरळ उडतो.
जुन्या लोकांना हे पसंत नाही.

गड्डम नरसय्याची नोंद मी वेगळी ठेवलीय.
सत्तावीस वर्षं. गोल शून्य. चुकलेले एकशे चौदा.
एकशे चौदा गुण म्हणजे एकोणीस गोल,
हा हिशेब त्यानंच करून दाखवला,
त्याच गणितात राहिलेल्या माणसानं.
आता गुडघे गेले, म्हणून कोट घालून तो खांबाशी उभा असतो.
डोळ्यात मोतीबिंदू. ऑपरेशनला चल म्हटलं तर
गड्ड्याची यात्रा होऊ दे, म्हणतो. दर वर्षी.
चेंडू कुठूनही जावो, तो एकच झेंडा हलवतो.
परवा हत्तरगीच्या पोरानं अगदी मधून मारला,
सगळ्या मैदानानं पाहिला.
एक झेंडा.
पोरगं भांडायला धावलं.
"एक तर एक," नरसय्या म्हणाला, "घे की बे."

निकाल: दिवसपाळी नऊ, रातपाळी आठ.
गोल कुणाचाच नाही.
चहा सतरा, पैसे पुढच्या वेळी.